पत्ता नसलेल्या बाईचा केसपेपर



डान्सबारबंदीचा विषय निघाला की सगळ्यांना मुंबई आठवते. पण त्या बंदीची पहिली ठिणगी पडली ती रायगडात. मार्च २००५ मध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या आमदारांनी जिल्ह्यातल्या डान्सबारांचा प्रश्न विधानसभेत मांडला. पनवेलपासून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेने बारच्या पाट्या लागल्या होत्या आणि जमिनीचे पैसे हाती आलेली तरुण पोरं तिथे खिसे रिकामे करून येतात, ही तक्रार गावोगाव होती. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी मुंबईबाहेरचे डान्सबार बंद करण्याची घोषणा केली. मग मुंबईला सूट कशासाठी, असा सवाल उठला आणि दोनच आठवड्यांत बंदी राज्यभर करायचं ठरलं. १५ ऑगस्ट २००५ रोजी ती अमलात आली.

पुढचा प्रवास कोर्टाचा. मोठ्या तारांकित हॉटेलांना मोकळीक आणि साध्या बारला बंदी हा भेदभाव आहे, असं सांगून मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. सरकारने २०१४ मध्ये पुन्हा बंदी आणली, २०१६ मध्ये वेगळा कायदा केला आणि त्यातल्याही अनेक अटी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उडवल्या. चौदा वर्षं नैतिकतेवर, परवान्यांवर, पोलिसांच्या अधिकारांवर वाद झाला. बंदीच्या दुसऱ्या दिवशी बारमध्ये नाचणाऱ्या बायका कुठे गेल्या, त्यांच्या पोटापाण्याचं आणि दुखण्याखुपण्याचं काय झालं, हा प्रश्न सभागृहात फारसा कुणी विचारला नाही. तो विचारला एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने आणि स्त्रियांच्या संघटनांनी. बंदीच्या आधी त्यांनी मुंबईतल्या सुमारे पाचशे बारबालांची पाहणी केली होती. बंदीनंतर पाहणी करणाऱ्या पुन्हा त्यांचा शोध घेत निघाल्या, तेव्हा कमाई कोसळलेली होती, घरं सुटत होती आणि नाचून घर चालवणाऱ्या काहीजणींवर देहविक्रयाची पाळी आली होती.

पनवेल-खोपोलीच्या रस्त्यावरून उठलेल्या बायकांची तर अशी पाहणीही कुणी केल्याचं ऐकिवात नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय तिथूनच सुरू होतो.

कर्जत-खालापूरचा हा पट्टा वाहतुकीवर जगतो. पुण्याकडे निघालेल्या गाडीला घाट चढवण्यासाठी कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात. सीएसएमटीहून मध्यरात्रीनंतर निघालेली लोकल कर्जतलाच येऊन थांबते. द्रुतगती मार्गाचा टोलनाका खालापूरला, कारखान्यांचे भोंगे खोपोलीला, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चौक, नेरळ, कशेळे, कोंदिवड्याकडे उगवलेली फार्महाऊसं आणि रिसॉर्ट. ट्रकड्रायव्हर, परप्रांतीय कामगार, शनिवार-रविवारचे पाहुणे हे सगळे पुरुष घरापासून दूर असतात. जिथे असे पुरुष जमतात तिथे धंदा पोचतो, हे लष्करी छावण्यांच्या आणि गोद्यांच्या काळापासून चालत आलं आहे. मुंबईचा कामाठीपुरा किंवा पुण्याची बुधवार पेठ म्हणून बोट दाखवता येईल अशी गल्ली मात्र इथे नाही. इथे आहे ती एखादी लॉजची खोली, मोबाईलवरचा नंबर, आणि पनवेलहून किंवा कल्याणहून येऊन रात्रीत परत जाणारी बाई. अधूनमधून वर्तमानपत्रात चार ओळी येतात: लॉजवर धाड, दलालाला अटक, महिलांची सुटका. पाचव्या ओळीत काय घडतं ते छापून येत नाही.

सरकारी आरोग्ययंत्रणा बाईला तिच्या जागेवरून ओळखते आणि समाज दर काही वर्षांनी तिची जागा मोडतो. या दोन गोष्टींच्या मध्ये तिची तब्येत सापडते. हे आजच्या काळात घडू लागलं असंही नाही.

इंग्रजांनी १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा केला. सोजिरांना गरमी-परमा होऊ नये म्हणून बायकांची नोंद, सक्तीची तपासणी आणि बाधित निघाली तर बंदिस्त इस्पितळात रवानगी, असा तो बेत होता. तपासणी फक्त बाईची. तिच्याकडे जाणाऱ्या शिपायाला कुणी ओट्यावर झोपवलं नाही. बायका नोंदणी चुकवून पळत राहिल्या, रोग हटला नाही आणि १८८८ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. रोगाची जबाबदारी एकट्या बाईवर टाकणारी ती नजर मात्र कायद्याबरोबर गेली नाही.

मराठीत या नजरेला एकट्याने टक्कर दिली ती र. धों. कर्व्यांनी. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडणारा हा माणूस १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवत राहिला. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक त्यांनी लिहिलं आणि १९४० मध्ये ‘वेश्याव्यवसाय’ या नावाचंही एक लिहिलं. रोग पाप बघून जडत नाही, तो जंतूने जडतो आणि जंतूपासून बचाव करता येतो, हे ते पंचवीसहून अधिक वर्षं सांगत होते. त्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले. त्यांपैकी एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. याच बाबासाहेबांनी जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या जोगतिणी, मुरळ्या, देवदासींना हे जिणं सोडून देण्याचं कळकळीचं आवाहन केलं. या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवल्या पाहिजेत. धंद्यातल्या बायकांमध्ये दलित आणि भटक्या जातींच्या बायका इतक्या का, हा प्रश्न बाबासाहेबांचा आहे आणि तो जुना झालेला नाही. धंदा संपवायचा की त्याला हक्क द्यायचे, यावर महाराष्ट्रातल्या चळवळीत खरा, प्रामाणिक मतभेद आहे. पण तो मिटेपर्यंत कुठल्याही बाईचा ताप थांबून राहत नाही.

एड्स आला तेव्हा याची प्रचीती आली. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली तीच मुळी मद्रासच्या देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या रक्तात. नव्वदीच्या दशकात मुंबईच्या लालबत्ती वस्तीत तपासलेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिकजणी बाधित निघू लागल्या. त्या काळचा कामाठीपुरा म्हणजे लाकडी चाळी, एका खोलीचे पडदे लावून केलेले चार-पाच भाग, एका भागात जेमतेम एक पलंग. पलंग विटांवर चढवलेला, कारण खाली ट्रंक, भांडी आणि रात्री बाईचं मूल. गिऱ्हाईक वर, लेकरू खाली. पाण्याचं पिंप सामाईक, संडास सामाईक. नवी मुलगी घरवालीच्या, म्हणजे कुंटणखान्याच्या मालकिणीच्या, कर्जात, आणि कर्ज फिटेपर्यंत गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सोय नाही. निरोध वापर, असं अशा मुलीला सांगणं सोपं आहे. तो वापरायचा की नाही हे ठरवणारी माणसं तिथे वेगळी होती आणि त्यांत ती नव्हती.

फेब्रुवारी १९९६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पोलिसांनी या वस्तीवर मोठी धाड घातली. चारशेहून अधिक मुली आणि बायका बाहेर काढल्या. त्यांत नेपाळच्या पुष्कळ होत्या. अल्पवयीन मुलींना बाहेर काढणं आवश्यकच होतं, त्याबद्दल दुमत नको. पण पुढे त्यांना ठेवायचं कुठे याची तयारी नव्हती. सरकारी आश्रयगृहं भरून गेली, संमती न विचारता रक्ततपासण्या झाल्या आणि नेपाळ सरकार आपल्या मुली परत न्यायला पुढे येईना. अखेर नेपाळातल्या स्वयंसेवी संस्थांनी सव्वाशेच्या आसपास मुलींना मायदेशी नेलं. त्यांच्यापैकी काहीजणींनी त्याच वर्षी काठमांडूत ‘शक्ती समूह’ ही स्वतःची संघटना काढली. तिला २०१३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सोडवून आणलेल्या मुली पुढे सोडवणाऱ्या झाल्या. मुंबईत त्यांना कुणी हा मान देऊ केला नव्हता.

याच सुमारास सांगलीत वेगळी गोष्ट आकाराला येत होती. मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘संपदा ग्रामीण महिला संस्था’, म्हणजे सर्वांच्या तोंडची ‘संग्राम’, सुरू केली. सांगली-मिरजेचा भाग देवदासी प्रथेच्या पट्ट्यातला, यल्लम्माच्या सौंदत्तीच्या वाटेवरचा. सांगलीच्या गोकुळनगर या वस्तीतल्या बायका बहुतेक त्याच वाटेने आलेल्या. संग्रामने सुरुवातीलाच एक गोष्ट ओळखली: निरोध वाटण्याचं काम बाहेरून आलेल्या ताईपेक्षा शेजारच्या खोलीतली बाई चांगलं करते. कुठल्या मालकिणीशी कुठल्या वेळी बोलायचं, दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाला कसं वळवायचं, कुणाला दोन दिवस ताप आहे आणि ती लपवते आहे, हे तिला आतून माहीत असतं. मिरजेच्या सरकारी दवाखान्यात आजारी मैत्रिणीबरोबर रांगेत उभी राहते तीही तीच. १९९६ मध्ये या बायकांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन केली. तिला सगळे ‘व्हॅम्प’ म्हणतात. निपाणीत त्यांनी आपल्या मुलांसाठी ‘मित्र’ नावाचं वसतिगृह उभं केलं. सर्व बायकांनी मिळून गिऱ्हाइकाला निरोधाशिवाय नकार द्यायचा ठरवलं की गिऱ्हाइकाला दुसऱ्या दारी जाऊन काही मिळत नाही. संघटना हीच इथे लस होती.

या कामाची किंमतही त्यांनी मोजली. मे २००५ मध्ये एका परदेशी संस्थेच्या माहितीवरून गोकुळनगरवर धाड पडली आणि अल्पवयीन मुलींच्या शोधात सज्ञान बायकाही उचलल्या गेल्या. त्याच वर्षी अमेरिकी सरकारच्या एड्सनिधीसाठी देहविक्रयाविरोधी प्रतिज्ञेवर सही करण्याची अट त्यांच्यापुढे आली. संग्रामने सही केली नाही, पैशावर पाणी सोडलं. ज्या बायकांच्या खांद्यावर काम उभं आहे त्यांचाच निषेध करणाऱ्या कागदावर सही कशी करायची, हा त्यांचा सवाल बिनतोड होता.

सांगलीचा आणि कोलकात्याच्या सोनागाची या लालबत्ती वस्तीचा धडा पुढे सरकारी कार्यक्रमातही शिरला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या कार्यक्रमात साधारण साठ बायकांमागे त्यांच्यातलीच एक ‘पीअर’ नेमतात. दर तीन महिन्यांनी तपासणी, दर सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि गरमीची रक्तचाचणी, फुकट निरोध, आणि १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीला दाबून ठेवणारी फुकट एआरटी औषधं. मुंबईत ती पहिल्यांदा मिळू लागली जे. जे. रुग्णालयात. आज रोज एक गोळी घेऊन बाधित बाई पुरं आयुष्य जगू शकते. देशात देहविक्रय करणाऱ्या बायकांमधलं एचआयव्हीचं प्रमाण २०१७ च्या पाहणीत दीड टक्क्यांच्या आसपास होतं. निम्म्यावरून दीड टक्का ही तुलना काटेकोर नाही, कारण पहिला आकडा एका शहरातल्या वस्त्यांचा आणि दुसरा सबंध देशाचा. पण दिशा खरी आहे आणि तिचं मोठं श्रेय त्या पीअर बायकांना आहे.

या कार्यक्रमाचा पाया म्हणजे ‘हॉटस्पॉट’ची यादी. अमुक गल्ली, अमुक नाका, तिथे इतक्या बायका. यादीतली जागा उठली की साठांतल्या साठजणी पीअरच्या वहीतून पुसल्या जातात. गोव्यात वास्कोच्या बायणा वस्तीचं असंच झालं. जून २००४ मध्ये, ऐन पावसाळ्यात, सरकारने तिथल्या खोल्या पाडल्या. वर्षानुवर्षं उभं राहिलेलं निरोधवाटपाचं आणि तपासणीचं काम त्याबरोबर कोसळलं. बायका हमरस्त्यांवर, लॉजमध्ये, किनाऱ्यावर पांगल्या. त्यानंतर गोव्यात तीनशेहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. त्यांतली सुमारे दर चौथी बाई एचआयव्हीबाधित होती, आणि जवळजवळ पाचव्या हिश्शाने आधीच्या तीन महिन्यांत आत्महत्येचा प्रयत्न केला होता. या दुसऱ्या आकड्यापाशी थांबायला हवं. मारहाण, एकटेपण, अडकून पडल्याची भावना यांवर निरोधाचं पाकीट हा इलाज नाही. देहविक्रय करणाऱ्या बाईचं आरोग्य म्हणजे गुप्तरोग, एवढीच समजूत असेल तर तिची झोप, तिची दारू, तिच्या मनगटावरचे वळ कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपुरात पोलिसांनी गंगाजमुना वस्ती सील केली, तेव्हा बायका रस्त्यावर उतरून जे विचारत होत्या ते हेच होतं: आम्ही जायचं कुठे?

पांगलेल्या बायका कुठे जातात याचं एक उत्तर नकाशावर आहे. कामाठीपुऱ्याच्या चाळी रिकाम्या होत गेल्या तशी तुर्भे आणि भिवंडीसारख्या ठिकाणी वर्दळ वाढली. तिथूनही पुढे, जिथे वस्तीच नाही अशा लॉजकडे आणि फोनकडे. मुंबईची हद्द पसरत पनवेल ओलांडून कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत आली आहे आणि महानगराचं सगळं काही तिच्याबरोबर आलं आहे.

मुलांचा प्रश्न यात सर्वांत नाजूक. प्रवीण आणि प्रीती पाटकर यांनी १९८६ मध्ये ‘प्रेरणा’ सुरू केली आणि १९८८ मध्ये कामाठीपुऱ्यात रात्रीचं पाळणाघर उघडलं. दिवसा सगळीकडे पाळणाघरं असतात, या आयांना गरज रात्रीची होती. संध्याकाळी मूल यायचं, जेवायचं, अभ्यास करायचं, झोपायचं आणि सकाळी घरी जायचं. एवढ्या साध्या व्यवस्थेने पलंगाखालची जागा रिकामी झाली. तेव्हाच्या अहमदनगरला गिरीश कुलकर्णींच्या ‘स्नेहालय’ने १९८९ पासून हेच काम आपल्या पद्धतीने वाढवलं. पण कायदा इथेही आडवा येतो. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या, पोलीस आणि बायका ज्याला ‘पिटा’ म्हणतात त्याच्या चौथ्या कलमानुसार, अठरा वर्षांवरच्या माणसाने देहविक्रयाच्या कमाईवर जगणं हा गुन्हा आहे. कलम दलालांसाठी केलं. त्याच्या शब्दांत आईच्या पैशाने कॉलेज शिकणारा मुलगाही सापडतो. कर्जत-खोपोलीच्या एखाद्या कॉलेजात असा मुलगा असेल तर तो कुणालाही काही सांगणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

या कायद्याबद्दल आणखी एक गोष्ट सगळ्यांना, विशेषतः लॉजमालकांना आणि पोलीस ठाण्यांना, ठाऊक असायला हवी. सज्ञान बाईने स्वेच्छेने देहविक्रय करणं हा भारतात गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, दलाली करणं, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात डांबून ठेवलेल्या तीन सज्ञान तरुणींना मोकळं केलं, तेव्हा आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क त्यांना आहे असं स्पष्ट म्हटलं. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. कोलकात्यात १९९९ मध्ये एका बाईचा खून झाला होता. त्या खटल्यातून वाढत गेलेल्या प्रकरणात न्यायमूर्ती नागेश्वर राव, भूषण गवई आणि ए. एस. बोपन्ना यांनी सांगितलं की सन्मानाने जगण्याचा घटनेच्या २१ व्या कलमातला हक्क या बायकांनाही आहे, पोलिसांनी त्यांच्याशी माणुसकीने वागावं, आणि लैंगिक अत्याचार झाला तर इतर कुठल्याही बाईला मिळतील ते सगळे वैद्यकीय उपचार त्यांना लगेच मिळावेत. पत्त्याचा पुरावा नसला तरी नॅकोच्या राजपत्रित अधिकाऱ्याच्या किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड मिळेल, अशीही व्यवस्था झाली.

या कागदाचं मोल कोविडमध्ये कळलं होतं. टाळेबंदीत धंदा बंद, खोलीभाडं चालू, रेशन कार्ड नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्यायला सांगितलं. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर महिन्याला ५००० रुपये आणि मूल शाळेत असेल तर वर २५०० रुपये जाहीर केले. ३२ जिल्ह्यांतल्या ३०,९०१ बायका त्यासाठी मोजल्या गेल्या. निर्णय चांगलाच होता. पण अशी मोजणी पुन्हा त्याच यादीतून होते. जी बाई लोकलने येते आणि लोकलने जाते ती कुठल्या जिल्ह्याची?

कर्जत तालुक्याला या प्रश्नाचं उत्तर खरं तर परकं नाही. वेणगावला डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांचं ‘श्रद्धा’ पुनर्वसन केंद्र आहे. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना तिथे आणतात. येताना त्यांच्याकडे नाव नसतं, गाव नसतं, कधी भाषाही कळत नाही. केंद्र आधी उपचार करतं आणि पत्ता मागून विचारतं. माणूस बरा होऊ लागला की गाव आठवतं, मग कार्यकर्ते त्याला घरी पोचवून येतात, मग ते बिहारात असो की तमिळनाडूत. डॉ. वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळाला तो याच कामासाठी. ही रीत या मातीत रुजलेली आहे. ती आपल्या सरकारी खिडकीपर्यंत आणायची आहे.

त्या खिडकीवर काय घडतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. रांग मागे उभी, आतून मोठ्याने प्रश्न: नाव? वय? नवऱ्याचं नाव? राहणार कुठे? पोटात दुखतं म्हणून आलेली बाई इथे तीन उत्तरं खोटी देते आणि आत गेल्यावर डॉक्टरांना चौथं. खोट्या उत्तरांवर औषध लिहिलं जातं. पुढच्या वेळी ती त्या नावाने येत नाही, जुना कागद सापडत नाही. गरज असते ती गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करण्याची आणि मिळतात तीन दिवसांच्या गोळ्या. गर्भपाताचंही तसंच. कायद्याने सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती पुरते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ‘विवाहित’ ही अटही एका महत्त्वाच्या तरतुदीतून गेली. तरी खिडकीवर नवऱ्याची सही मागितली जाते आणि बाई गल्लीतल्या भोंदूकडे जाते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विचार इथे वेगळा करायला हवा, कारण तो टाळता येतो. एचआयव्ही असलेल्या बाईला हा कर्करोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा सहापट असते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच्या तपासणीचे दोन मोठे प्रयोग महाराष्ट्रातच झाले. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात व्हिनेगरमधल्या आम्लाने, म्हणजे अ‍ॅसेटिक आम्लाने पुसून नजरेने तपासणी केली. तपासणाऱ्या होत्या दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका. या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत केलेल्या प्रयोगात आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटातले मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. म्हणजे यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय आणि चौकचं ग्रामीण रुग्णालय यांनी आठवड्यातला एक दिवस सर्व बायकांसाठी, कातकरी वाडीवरच्या, कारखान्यातल्या, फार्महाऊसवर भांडी घासणाऱ्या, या तपासणीला द्यावा. त्या गर्दीत एखादी बाई आपली ओळख न सांगता तपासून जाईल. तिच्यासाठी वेगळं केंद्र उघडून वर पाटी लावली तर ती तिथे फिरकणार नाही.

कर्जाचा धागाही सोडून चालणार नाही. याच कर्जत तालुक्यात हुतात्मा भाई कोतवालांनी सावकारी पाशातून शेतकरी-आदिवासींना सोडवण्यासाठी धान्यकोठारं काढली आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर प्राण दिले. उपाशी माणसाला आधी व्याजातून मोकळं केलं पाहिजे, हे त्यांना उमगलं होतं. सोनागाचीच्या बायकांनी १९९५ मध्ये ‘उषा’ ही सहकारी संस्था काढली ती नेमक्या याच कारणासाठी. सहकाराच्या नियमांत सभासदाची नैतिक वर्तणूक चांगली असण्याची अट होती. त्या लढल्या आणि नोंदणी मिळवली. घरवालीचं कर्ज फेडायला पतपेढी मिळाली की बाईला पहिल्यांदा नाही म्हणता येतं, गिऱ्हाइकालाही आणि धंद्यालाही. कर्जत-खोपोलीत पतसंस्थांना तोटा नाही. ओळखपत्र अपुरं असलेल्या बाईचं बचत खातं कसं उघडायचं, यावर त्यांच्या संचालक मंडळांनी एक बैठक घ्यायला काय हरकत आहे?

आणि एक अगदी हातासरशी करता येण्यासारखं काम. नॅकोची १०९७ ही फुकट हेल्पलाइन मराठीतही बोलते. नाव न विचारता चाचणी कुठे, औषध कुठे, भेदभाव झाला तर तक्रार कुठे, हे तिथे सांगतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय चाचणी करायला आणि बाधित म्हणून उपचार नाकारायला मनाई केली आहे, हेही तिथे कळतं. कर्जत स्थानकाच्या जिन्यावर, खोपोलीच्या एसटी स्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूने, आणि प्रत्येक लॉजच्या खोलीत दराच्या पाटीखाली हा आकडा लावता येईल. दोन्ही नगरपरिषदांनी ठराव केला तर खर्च रंगाच्या डब्याचा आणि एका पेंटरच्या मजुरीचा.